निवडीच्या आदल्या दिवशीचा लाडू

मोनालीने सकाळपासून एक संत्रं खाल्लं होतं, आणि तेही फोडी चोखून, चोथा टाकून. हिरालाल रामटेके सरांना हे मुळीच आवडलेलं नव्हतं. पोरांना उपाशी ठेवून मॅटवर उतरवणारे शिक्षक त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिले होते, आणि त्या शिक्षकांबद्दलचं त्यांचं मत चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. रेल्वेतली नोकरी संपल्यावर ते सकाळ-संध्याकाळ रायपूरच्या गुढियारी भागातल्या जुन्या हॉलमध्ये मुलांना ज्युदो शिकवत. नव्या मुलाला त्यांचं पहिलं सांगणं असे, पोटभर जेवायचं, नीट झोपायचं, आणि जेवढं वजन भरेल त्या गटात खेळायचं.

पण या खेपेला गोष्ट अडली होती. राज्याच्या ज्युदो संघटनेनं पावसाळ्यात नावं मागवली, तेव्हा मोनाली चव्वेचाळीस किलोच्या गटात ऐसपैस बसत होती. मग दिवाळीपर्यंत पोरीनं उंची घेतली. तेरा वर्षांची पोर, वाढणारच. गट बदलून द्या म्हणून सर संघटनेच्या कार्यालयात दोनदा जाऊन आले. तिथं एकच उत्तर मिळालं, एंट्री गेली म्हणजे गेली.

उद्या सकाळी निवड होती. गटात पहिली येणारी मुलगी राज्याच्या संघात जाणार होती, आणि संघातल्या मुलींना नव्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. मोनालीची आई शांता लोकांकडे स्वयंपाक करायची आणि मायलेकी एका खोलीत राहायच्या. वसतिगृहात दूध मिळतं, अंडी मिळतात, अभ्यासाला वेगळं टेबल मिळतं, हे मोनालीनं कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि तेव्हापासून ते टेबल तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

"सर, कितना?" हॉलमधल्या जुन्या वजनकाट्यावर उभं राहून तिनं विचारलं. सर मराठीत बोलत आणि ती हिंदीत उत्तर देई. हॉलमधली बहुतेक मुलं तशीच होती.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून काटा पाहिला. "आत आहेस. सुतभर आत आहेस. आता घसा ओला करण्यापुरतं पाणी, अन् गोड काहीच नाही. गोड खाल्लं की तहान लागते, तहान लागली की माणूस पाणी पितो, अन् पाणी सरळ काट्यावर दिसते. समजलं?"

"हव सर."

तेवढ्यात दारातून अनिमेष आत आला. गळ्यात पक्षाचा गमछा, कानाला मोबाईल. तो तसाच बुटांसकट मॅटवर चढणार, तोच पोरं एकदम ओरडली, "जूते! जूते!" तो दचकून मागं सरला आणि दात काढून हसला.

अनिमेष हा विनोदिनीचा माणूस. आणि विनोदिनी भोयर म्हणजे या हॉलचा अभिमान. याच मॅटवर ती पडायला शिकली, उठायला शिकली, आणि पुढे तिच्या वजनगटात देशात पहिली आली. एकदा नव्हे, लागोपाठ. गुडघा गेला तेव्हा तिनं खेळ सोडला. त्याच सुमारास राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली आणि गावात पदांचं पीकच आलं. मंडळं, महामंडळं, समित्या. कालपर्यंत सायकलवर फिरणारी माणसं गाडीच्या मागच्या सीटवर बसून काच खाली करून नमस्कार घ्यायला लागली. विनोदिनी राज्याच्या ज्युदो संघटनेची अध्यक्ष झाली, आणि आता याच वॉर्डातून पार्षदपदासाठी, म्हणजे नगरसेवक व्हायला, उभी होती.

"सर, प्रणाम," अनिमेष म्हणाला. घरचा मराठी, पण जिभेवर हिंदीच. "शाम को चौक में दीदी का कार्यक्रम है. लड्डुओं से तौल रहे हैं. बच्चे लोग सफेद ड्रेस में पीछे खड़े रहेंगे तो फोटो मस्त आएगा."

"उद्या पोरांचं वजन आहे," सर म्हणाले. "आज ते कुठं येत नाहीत. आराम करतात."

"अरे सर, उन्हीं के अध्यक्ष का कार्यक्रम है. लो, आप ही बात कर लो." त्यानं मोबाईल सरांच्या कानाला लावला.

"सर, पाया पडते जी," पलीकडून विनोदिनीचा आवाज आला. आवाज अजून तोच होता, घोगरा, हसरा. "हा अनिमेष काही बोलला का उलटंसुलटं? त्याले अक्कल नाही. मले नाही समजत का, उद्या वजन आहे म्हणून? मी काय कमी उपाशी राहिली? पोट्ट्यायले फक्त मागं उभं करा. कोणी पाण्याचा थेंबबी देणार नाही. माही जबाबदारी."

सर विरघळले. वजनाचं दुःख तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती मोनालीएवढी असताना, तिच्या पहिल्याच निवडीच्या आदल्या दिवशी आत्यानं कौतुकानं तिला पेढे भरवले होते. दुसऱ्या दिवशी काटा पुढं गेला आणि पोरगी मॅटला पाय न लावता परत आली. आठवडाभर ती कुणाशी बोलली नव्हती. पुढे वजनाच्या आदल्या दिवशी ती घरातून निघून हॉलमध्येच येऊन बसायची, कुणी प्रेमानं काही हातावर ठेवेल या भीतीनं.

"बरं," सर म्हणाले. "मागं उभी राहतील."

*

चौकात मांडव घातला होता. मांडवाच्या मधोमध तीन बल्ल्यांच्या तिवईला एक भला मोठा तराजू टांगलेला होता. भनपुरीतल्या कुठल्याशा गोदामातून तो आणला होता. त्याच्या एका पारड्यात गादी आणि लोड ठेवून वर झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. दुसरं पारडं रिकामं होतं. शेजारी मेटाडोरमधून बुंदीच्या लाडवांचे प्लॅस्टिकचे क्रेट उतरत होते.

सर पोरांना घेऊन लवकर आले होते, म्हणून त्यांना नको ते दिसलं. क्रेटवर माशा बसल्या होत्या. डालड्याचा खवट वास येत होता. एक माणूस फुटलेले लाडू ओंजळीत घेऊन, दाबून दाबून पुन्हा गोल करत होता, मध्येच कपाळाचा घाम त्याच हातानं पुसत होता आणि पुन्हा वळत होता.

"कब के हैं भैया?" सरांनी विचारलं.

"परसों के," तो मोकळेपणानं म्हणाला. "कल दो पारा में तौला, सुबह भनपुरी में तौला. आज लास्ट है. आज बांट देंगे."

म्हणजे त्याच लाडवांनी तीन मोहल्ल्यांत तीच बाई तोलून झाली होती, आणि आता ते लाडू गुढियारीच्या लोकांच्या तोंडात जाणार होते. सरांनी रुमाल नाकाला लावला. पोरांना त्यांनी मांडवाच्या मागच्या कडेला, माश्यांपासून लांब नेऊन उभं केलं.

विनोदिनी आली ती ढोलांच्या आवाजात. तिचं अंग सुटलं होतं. सरांना त्याचं काही वाटलं नाही. खेळ सुटला की शरीर सैल होतं, त्यात कुणाचा गुन्हा नाही. ती पारड्यात चढली, लोडाला टेकली. लोकांनी दुसऱ्या पारड्यात लाडू ओतायला सुरुवात केली. माईकवरचा माणूस ओरडत होता, "और डालो भाई, और डालो! हमारी दीदी भारी हैं!" लोक हसत होते आणि ती त्यांच्याहून मोठ्यानं हसत होती. सरांच्या डोळ्यांपुढं एक किडकिडीत मुलगी आली, काट्यावर पाय ठेवताना श्वास कोंडून धरणारी, तापलेल्या तव्यावरून उतरावं तशी काट्यावरून उतरणारी. ही तीच आहे हे त्यांना स्वतःला बजावून सांगावं लागलं.

पारडी समान झाली. टाळ्या पडल्या. फोटोवाला पुढं सरसावला. "दीदी, बच्ची के साथ एक. लड्डू खिलाते हुए."

विनोदिनीनं मागं वळून पाहिलं आणि बोट केलं. "ए छोटी, इकडं ये. तू. हो, तूच."

ती मोनाली होती. मोनालीनं सरांकडं पाहिलं. सरांना वाटलं, नुसता फोटो असेल, हातात लाडू धरेल आणि सोडून देईल. त्यांनी 'जा' अशी मान हलवली.

विनोदिनीनं पारड्यातला लाडू उचलला आणि मोनालीच्या ओठांशी नेला. मोनालीनं ओठ घट्ट मिटले. फोटोवाला म्हणाला, "मुंह खोलो बेटा, हंसो."

"दीदी, कल वजन है," मोनाली पुटपुटली.

"मले माहीत आहे," विनोदिनी हसऱ्या चेहऱ्यानं, ओठ न हलवता म्हणाली. "उघड तोंड. लोक पाहून राहिले."

"दीदी, नको ना." एवढं मात्र मोनाली मराठीत म्हणाली.

विनोदिनीनं डाव्या हातानं तिची हनुवटी धरली. ज्या हातानं गळपट्टी पकडली की देशातल्या कुठल्याही मुलीला सुटता येत नसे, तोच हात. अंगठा गालात रुतला, तोंड उघडलं आणि लाडू आत गेला. दिवे लखलखले. "एक और दीदी, आंख बंद हो गई थी," फोटोवाला म्हणाला, आणि दुसरा घास पहिल्याच्या मागून गेला. मोनालीचे गाल फुगले. डोळ्यांत पाणी आलं. तिनं एकदा गिळलं.

सर तराजूपाशी कसे पोचले ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी मोनालीच्या तोंडाखाली आपली ओंजळ धरली, आपण तान्ह्या लेकराच्या तोंडाखाली धरतो तशी.

"थुंक," ते म्हणाले.

मोनाली थुंकली. पिवळी, चिकट बुंदी, लाळेच्या तारांसकट, सरांच्या ओंजळीत पडली. कुणीतरी बाई म्हणाली, "छी, गुरुजी क्या कर रहे हैं!" सरांना हातातल्या ओल्या गोळ्याची किळस आली नाही. ज्या हातानं तो भरवला होता, तो हात विनोदिनी रुमालानं पुसत होती. किळस आली ती त्या हाताची.

नळावर हात धुऊन ते वळले तर विनोदिनी मागंच उभी होती. गळ्यातले हार काढून तिनं अनिमेषकडं दिले होते.

"काय केलं जी सर तुम्ही? एवढ्या लोकांपुढं?"

"फोनवर तू काय म्हटलं होतं?"

"मागंच उभी ठेवणार होती. पण फोटोवाल्यानं पोट्टी मागितली, मी काय करू?" तिनं त्यांच्या दंडाला प्रेमानं हात लावला. "तुम्ही उगीच घाबरता. उद्या काट्यावर बसणार कोण? निरंजन. त्याले मी तिथं बसवलं. मी सांगीन तेवढंच वजन भरते सर आता. खाऊ द्या ना पोट्टीले चार लाडू. किती वाळून गेली बिचारी."

मघापासून सर स्वतःची समजूत घालत होते की गर्दीत विसरली असेल, गडबडीत झालं असेल. ती विसरलेली नव्हती. तिला सगळं आठवत होतं, आणि आता त्याची तिला गरज उरली नव्हती.

"हात काढ," ते म्हणाले.

"काय?"

"दंडावरचा हात काढ."

*

सकाळी सात वाजता स्पर्धेच्या हॉलमध्ये वजनं सुरू झाली. मोनालीचे डोळे सुजलेले होते. "सर, रात को पानी पी लिया," ती रांगेत उभी असताना हळूच म्हणाली. "बहुत प्यास लगी थी. मम्मी ने मना किया, तो भी पी लिया."

"त्यात तुझी काही चूक नाही," सर म्हणाले.

निरंजन टेबलाशी बसला होता. एके काळी चांगला पंच होता तो. मोनाली काट्यावर चढली. काटा चव्वेचाळीसच्या रेघेवरून पुढं जाऊन थांबला. फार नाही, पण पुढं. निरंजननं काट्याकडं पाहिलं, मोनालीच्या नावाकडं पाहिलं आणि लिहिता लिहिता म्हणाला, "चवालीस. ओके. नेक्स्ट."

मोनालीचा चेहरा उजळला. ती उतरणार तोच सर म्हणाले, "निरंजन, काटा पुढं आहे."

"सर, हो गया ना. दीदी ने बोला है."

"वजनाची वेळ आठपर्यंत आहे. तोवर पुन्हा तोलता येते. आम्ही येतो."

"अरे सर, क्यों बच्ची को परेशान कर रहे हो? लिख दिया मैंने!"

बाहेर पायरीवर मोनाली अडून बसली. "लिख दिया ना उन्होंने. तो क्यों?"

सर तिच्याजवळ खाली बसले. मुलांशी उभ्यानं बोलायची त्यांना सवय नव्हती. "आत रांगेत ती जशपूरकडची पोरगी पाहिली? निळ्या रिबिनीची? ती काल उपाशी झोपली. तिचा काटा आत आहे. तू वजनानं पुढं राहून तिच्याशी खेळलीस अन् जिंकलीस, तर ते टेबल तुझं होईल, पण तुला त्याच्यावर अभ्यास करवणार नाही. मी तुला बळजबरी करत नाही. तू म्हणशील तसं."

मोनालीनं दारातून आत त्या रांगेकडं एकदा पाहिलं. मग तिनं पिशवीतला स्वेटर काढून अंगात घातला, घाम निघावा म्हणून त्यावर सरांचं जाकीट चढवलं आणि मैदानाकडं निघाली.

ती पळाली. कोवळ्या उन्हात, लोकरीत गुंडाळलेली, कोरड्या तोंडानं. सर कडेकडेनं तिच्यासोबत चालत राहिले. "श्वास नाकानं. खांदे सोड. हळू चालेल, पण थांबू नको." परतताना तिचे केस कपाळाला चिकटले होते आणि ओठांवर पांढरं आलं होतं. सरांना स्वतःचीही किळस वाटत होती. एका वाढत्या लेकरावर ही वेळ आणण्यात त्यांचाही हात लागत होता.

वेळ संपायला थोडा अवधी होता. निरंजन चहा पीत मोबाईलवर बोलत होता. सरांनी मोनालीला काट्यावर चढवलं. काटा हलला, डुलला आणि रेघेच्या किंचित अलीकडं थांबला.

"निरंजन, बघ."

त्यानं नुसता हात हलवला, चालू द्या अशा अर्थानं, आणि पाठ फिरवून बोलत राहिला. काट्याकडं बघणारी माणसं तिथं दोनच होती. मोनाली खुदकन हसली. कालपासून पहिल्यांदाच. मग ती बाहेर जाऊन पायरीवर बसली, बाटलीभर पाणी घटाघट प्याली आणि दोन केळी खाल्ली. वजन झाल्यावर सगळीच मुलं तसं करतात. त्याशिवाय अंगात खेळायला बळ येत नाही.

*

पहिल्या कुस्तीला मोनालीचं नाव पुकारलं. समोर जी मुलगी येऊन उभी राहिली, तिला पाहून सरांच्या हातातला टॉवेल खाली आला. निळ्या रिबिनीची ती नव्हती. ही मोनालीपेक्षा खांद्यानं रुंद, मांडीनं जाड, पन्नास किलोच्या पुढची मुलगी होती. आंधळ्यालाही दिसलं असतं.

आता सरांच्या ध्यानात आलं. मी सांगीन तेवढंच वजन भरते, हे विनोदिनी एकट्या मोनालीसाठी बोलली नव्हती. ज्यानं ज्यानं येऊन पाय धरले, ज्याच्या ज्याच्या घरात मतं होती, त्या सगळ्यांच्या पोरांचं वजन कालच भरून झालं होतं. खरोखर चव्वेचाळीस भरणारी मोनाली त्या यादीत वेडी ठरली होती.

मोनाली मॅटच्या कडेला आली. "सर, ये चवालीस की नहीं है. कांटा मंगाओ."

सरांनी आवाज खाली आणला. "तू पाणी प्यालीस. केळी खाल्लीस. आता काटा आला तर तूही पुढं दिसशील."

"पर सुबह तो मैं अंदर थी. निरंजन अंकल वहीं थे." तिनं सरांकडं अशा खात्रीनं पाहिलं की त्यांना तिची नजर टाळावीशी वाटली. "उसको तो तौलेंगे ना, सर? सबके सामने?"

सर मंचापुढं गेले. मंचावर विनोदिनी मधल्या खुर्चीत होती, पुढ्यात माईक, शेजारी अनिमेष.

"अध्यक्षबाई," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "समोरची मुलगी या गटातली वाटत नाही. काटा आणा. दोघींना तोला."

प्रेक्षकांत कुजबूज झाली. विनोदिनी माईक बाजूला सारून खाली वाकली. तिचा आवाज अजूनही मायेचाच होता. "सर, बसा ना जी. तुमची पोट्टी आताच बाटलीभर पाणी पिऊन बसली. मी पाहिलं तिले पायरीवर. काटा आणू?"

ती हे पाहणारच. वजन झाल्यावर पोरगी कुठं बसते, काय पिते, किती पिते, हे तिला सरांनीच शिकवलं होतं.

"आण," सर म्हणाले.

विनोदिनीनं खांदे उडवले आणि माईक पुढं ओढला. "तक्रार आली आहे. नियमाप्रमाणे आधी तक्रार करणाऱ्या खेळाडूचं वजन होईल." हे तिनं मराठीत सांगितलं आणि मग हिंदीत, सावकाश, शाळेत धडा वाचावा तसं.

काटा मॅटजवळ आणला. मोनाली ताठ मानेनं चढली. काटा रेघेवरून पुढं गेला. निरंजननं या वेळी वाकून, नीट, डोळे बारीक करून पाहिलं.

"ओवर है," तो म्हणाला.

"सकाळी ही आत होती. तुझ्यासमोर होती," सर म्हणाले.

"मैंने देखा नहीं, सर." निरंजन चपलेच्या अंगठ्याकडं पाहत म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं. काटा आत आला तेव्हा त्याची पाठ होती.

"ठीक आहे. आता दुसरीला चढवा."

"कशाला?" विनोदिनी माईकवरूनच म्हणाली. "तक्रार करणारी खेळाडूच गटातून बाद झाली. मग तक्रार कुठं राहिली? काटा उचला. पुढची कुस्ती."

चार माणसं हसली. अनिमेषनं टाळी वाजवली आणि आजूबाजूला पाहून आणखी दोन टाळ्या मिळवल्या. मोनाली अजून काट्यावरच उभी होती. तिला वाटत होतं की अजून काहीतरी व्हायचं आहे, कुणीतरी त्या मुलीचं नाव घेईल. काटा न्यायला आलेल्या माणसानं "उतरो बेटा" म्हटलं, तेव्हा ती उतरली.

हरणं सरांनी हजारदा पाहिलं होतं. हरलेल्या पोरांना जवळ घेऊन आइसक्रीम खाऊ घालायला त्यांना आवडायचंही. हे हरणं नव्हतं. तेरा वर्षांच्या मुलीनं सगळं बरोबर केलं होतं, आणि तेच पकडून तिला पाडलं होतं. पाडणारीला ती पकड सरांच्याच हातांनी शिकवली होती.

मॅटवरची ती मोठी मुलगी रडवेली झाली होती. मोनाली जवळून जाताना ती हळूच म्हणाली, "मोला कुछु नइ मालूम, बहिनी. मोला पापा लाए हे."

मोनालीनं तिच्याकडं पाहिलं आणि मान डोलावली. ज्युदोत मॅट सोडताना वाकून नमस्कार करतात, आधी मॅटला, मग समोरच्या खेळाडूला, मग मंचाला. हिरालाल सरांचे विद्यार्थी त्यात कधी चुकत नसत. हरलेलं पोरसुद्धा डोळे पुसून तिन्ही नमस्कार करूनच खाली उतरे. मोनालीनं मॅटला नमस्कार केला. त्या मुलीला केला. मग ती मंचाकडं वळली आणि थबकली.

मंचावर विनोदिनीनं नमस्कार घ्यायला हात जोडून तयार ठेवले होते. तोंडावर हसू होतं.

"सर," मोनालीनं विचारलं, आणि या वेळी मराठीत विचारलं, "मंचाले बी करू का?"

हॉलच्या एका कोपऱ्यात सरांची बाकीची पोरं बसलेली होती. ती सगळी सरांकडं पाहत होती.

"नाही," सर म्हणाले. "चल, काही खाऊन घेऊ."

बाहेरच्या टपरीवर त्यांनी पोहे घेतले. मोनालीनं पहिली प्लेट संपवली आणि दुसरी मागितली. ती रडली नाही. "पुढच्या साली अठ्ठेचाळीसमध्ये नाव द्या सर," एवढंच ती म्हणाली, "मले खूप भूक लागते."

"हव," सर म्हणाले. "पोटभर खा."

आत कुस्त्या चालू होत्या. सरांची पोरं एकेक करून मॅटवर जात होती, काही जिंकत होती, काही हरत होती. प्रत्येक जण मॅटला वाकत होता, समोरच्याला वाकत होता, आणि मंचाकडं पाठ करून खाली उतरत होता. सरांनी त्यांना काहीएक सांगितलेलं नव्हतं. दर वेळी विनोदिनीचे हात सवयीनं जुळायचे, थोडा वेळ तसेच राहायचे आणि मग ती पदर सारखा केल्यासारखं करून ते मांडीवर ठेवायची. तिसऱ्या-चौथ्या पोरानंतर अनिमेष धावत टपरीवर आला.

"सर, बच्चों को कुछ बोलिए ना. अच्छा नहीं दिखता."

सरांनी प्लेटमधला उरलेला लिंबू मोनालीच्या पोह्यांवर पिळला.

"हो ना," ते म्हणाले. "मुळीच चांगलं नाही दिसत."